गुंठ्याला अजून वाफसा यायचाय

जेलरोड, नाशिक
रविवार, १८ ऑगस्ट २०१९

चि. सोनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर येऊन गेल्यावर आपल्या नदीकाठच्या भाड्याच्या भाजीच्या गुंठ्याबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "आई, सोडून द्या आता तो गुंठा. बाबांच्या गुडघ्यांना तेवढाच आराम." आमच्या काळजीनेच म्हणालास, ते मला कळलं. पण तेव्हा माझा घसा दाटून आला आणि मी फोन बाबांच्या हातात दिला. बोलायचं राहिलं ते आता लिहिते. दुपारच्या चहाला निवांत बसून वाच.

आधी झालं ते सगळं सांगते. तुला काळजी नको म्हणून आम्ही फोनवर अर्धंच सांगितलं होतं. शनिवारी, ३ तारखेला रात्री मळ्याच्या मालकांचा, आप्पांचा फोन आला की धरणातून पाणी सोडताहेत, मळ्यातलं काही उचलायचं असेल तर आत्ता उचला. बाबा म्हणाले, सकाळी बघू. मीही गप्प बसले. ती आमची चूक झाली. सकाळी टीव्हीवर क्युसेकचे आकडे तासातासाला चढत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, असा हिशेब बाबा कागदावर मांडत बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवलं. दुपारी शेजारचे काका गोदाघाटाकडून येऊन सांगू लागले, दुतोंड्या मारुती बुडाला. मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, यावर आपल्या गावाचा पूर मोजायचा हे तू लहानपणापासून ऐकत आलास. १९६९ च्या पुरात मी आठ वर्षांची होते, आजोबांच्या खांद्यावरून ते पाणी पाहिलेलं आठवतं. २००८ चा पूर, २०१६ चा पूर तर तूही पाहिलास. पण तेव्हा त्या पाण्याखाली आपलं काही नव्हतं. या वेळी बाबा आणि मी गॅलरीत उभे होतो. एकमेकांशी बोलत नव्हतो, पण दोघांच्या डोळ्यांपुढे पपईच होती.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पुरणाची दिंडं केली, पण घास उतरेना. त्या दिवशी जमीन खणू नये, काही चिरू नये म्हणतात. आपल्या जमिनीत खणायला होतं तरी काय, वर कमरेइतकं पाणी. गुरुवारी आत जाता आलं.

पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी वास येतो. गुंठ्यावर चार बोटं गाळ बसला होता. वरून गुळगुळीत, साबणासारखा. पाय ठेवला की चप्पल तिथेच राहायची. बांधावर गांडुळं मरून पडलेली. तुझा वेलांचा मांडव आडवा झाला होता आणि दोडक्याच्या वेलात प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, कुणाच्या तरी लेकराची एक चप्पल अडकली होती. ती चप्पल मी काढून बांधावर ठेवली, पुढे फेकवली नाही. गांडूळखताचा हौद धुऊन गेला. टिकाव, झारी, नळीचं वेटोळं, काहीच उरलं नाही.

पपई मात्र उभी होती. तिन्ही झाडं, फळांसकट. बाबांच्या चेहऱ्यावर किती आनंद झाला, काय सांगू. पण पानं मला बरी वाटेनात. मुळाशी ओल असूनही ती उन्हात सुकल्यासारखी माना टाकून होती. पपईच्या मुळाला दीड-दोन दिवस पाणी साचलेलं सोसत नाही, मुळांना श्वासच मिळत नाही. आपल्या पपया तीन दिवस पाण्यात होत्या. आप्पांनी एक झाड हाताने नुसतं हलवलं तर ते सहज वर आलं. पांढरी मुळं तपकिरी झाली होती, बोटात धरली तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. बाबा ते झाड हातात धरून बराच वेळ उभे होते. तू बंगळूरला जायच्या आधी लावलेली रोपं ती. मिरच्या, टोमॅटो, शेवगा, सगळं त्याच वाटेने गेलं. बांधावरचा गवती चहा आणि कढीपत्ता वाचला. अळूने तर चार दिवसांत नवं पान काढलं, पण ते अजून खाणार नाही.

आता तुझ्या "सोडून द्या"कडे येते.

शहरात एवढे फ्लॅट उभे राहिले, मग नदीकाठची ही काळी जमीन मोकळी कशी राहिली, याचा तू कधी विचार केलास का? ती निळ्या पूररेषेच्या आत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढा पूर जिथवर पोचतो, ती निळी रेषा. शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही, म्हणून आप्पांनी कडेचा तुकडा गुंठा-गुंठा करून आपल्यासारख्या माणसांना भाजीला दिला. नदी येते म्हणूनच ही जागा आपल्या वाट्याला आली. तू पहिल्या वर्षी इथली मेथी बघून म्हणाला होतास, "आई, घातलं काहीच नाही आणि आली कशी?" नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेला पोयटा आहे तो. तिच्याच हातची जमीन आहे. तिने एकदा पीक नेलं म्हणून मला तिच्यावर रुसता येत नाही.

पण म्हणून मी डोळे झाकून घेत नाही. त्र्यंबकच्या डोंगरातलं पाणी आपल्यापर्यंत येतं ते तसंच येत नाही. पंचवटीपासून शहराचे नाले मिळतात, टाकळीला नासर्डी नदी मिळते. आपण दसकला, त्या सगळ्याच्या खाली. म्हणजे या गाळात पोयटा आहे आणि घाणही आहे. वर राहिलेली पालेभाजी, कोथिंबीर सगळी उपटून खड्ड्यात टाकली. शेजारच्या गुंठ्यातल्या वहिनी म्हणाल्या, मिठाच्या पाण्यात धुऊन घेऊ. मी त्यांना हात धरून नको म्हटलं. असल्या पाण्यातली भाजी धुऊन स्वच्छ होत नाही. कच्चं खायचं, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, ते चार महिने तिथे घ्यायचं नाही असं ठरवलंय. डिसेंबर उजाडेपर्यंत कोथिंबीर मंडईतूनच आणेन.

बाबा पहिल्या दिवशी अनवाणी गेले होते. मी रागावले, खूप रागावले. गाळात काचा असतात, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप होतो, आणि त्यांच्या टाचांना भेगा. डॉक्टरांकडे नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच यायचं आणि पुरात गेलो होतो हे सांगायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. आता गमबूट आणि हातमोजे आणलेत, त्याशिवाय मी त्यांना रिक्षात बसू देत नाही.

तुला सगळ्यात महत्त्वाचं हे सांगायचं होतं की आम्ही तिथे राबत नाही आहोत. तुला वाटतं, आम्ही दोघं म्हातारी वाकून गाळ उपसतोय. तसं नाही रे. पहिल्या आठवड्यात बाबांना घाई झाली होती, कुदळ घेऊन निघाले होते. आप्पांनी अडवलं. ओल्या गाळात पाय दिला, खोदलं, की जमीन विटेसारखी दबते आणि मग वर्षभर ढेकळं फोडत बसा. कडेने फक्त एक चर काढून दिला, साचलेलं पाणी निघून जाईल एवढाच. कचरा बांधावर उभं राहून लांब काठीने ओढला. बाकी वाट बघायची.

एक दिवसाआड जातो. बाबा वीतभर खोलीची मूठभर माती घेतात, दाबून लाडू वळतात आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतात. काल लाडू पडला तो चपटा होऊन तसाच राहिला. बाबा म्हणाले, "अजून नाही." पडल्यावर फुटला की वाफसा आला, म्हणजे माती मशागतीजोगी झाली. तेव्हा दोन गडी लावून गाळाची वरची पापडी फोडून घेणार, खालच्या मातीत मिसळणार, शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुज रोखणारी बुरशी, कालवून पसरणार आणि वर हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी फेकणार. गुंठ्याला अर्धा किलो बी पुरतं. दीड-दोन महिन्यांत फुलावर आला की तिथेच गाडायचा. दिवाळीच्या आसपास, म्हणजे तू येशील तेव्हा, तो मातीत कुजत असेल. त्यानंतर मेथी आणि हरभरा.

पैशाचं विचारलं होतंस. तलाठ्यांनी पंचनामा केला तो आप्पांच्या फ्लॉवरचा. आपल्या भाड्याच्या गुंठ्याचं काही मिळणार नाही, आणि आम्ही मागितलंही नाही. आप्पांचं घर त्या फ्लॉवरवर चालतं. खाली सायखेडा-चांदोरीत लोकांच्या घरात पाणी होतं, आणि कोल्हापूर-सांगलीकडचा महापूर टीव्हीवर बघितल्यावर आपल्या तीन पपयांसाठी रडताना मला संकोच वाटला. तरी रडले. ज्याचं त्याला लागतंच. तू काही पाठवू नकोस. द्यायचंच असेल तर सांगलीकडे मदत जातेय, तिथे दे.

आणि एक. तुझ्या कपाटात चहाच्या डब्यात बियांच्या पुड्या सापडल्या. घेवडा, दोडका, लाल भोपळा, तुझ्याच अक्षरात नाव आणि महिना लिहिलेला. त्या घरात होत्या म्हणून वाचल्या. पपईच्या बियांची मात्र पुडी नाही. म्हणून पाण्याआधी उतरवलेलं शेवटचं फळ कापलं तेव्हा बी राखेत घोळून खिडकीत वाळत घातलंय. बाबा रोज कावळ्यांना हाकलतात.

तागाचं बी आणायला उद्या मार्केट यार्डाकडे जाते आहे. तुझी जुनी निळी जीन्स बाबांना मळ्यात घालायला दिली तर चालेल का, तेवढं कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई