नोंगकावुसेच्या आधी रोग आला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंधश्रद्धेवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांनी ‘एका मुलीच्या सांगण्यावरून गुरे मारली’ असा एका ओळीचा उल्लेख आहे. ती मुलगी म्हणजे नोंगकावुसे. घटना खरी आहे, पण अर्धीच सांगितली आहे.

१८५३ साली युरोपातून आणलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुप्फुसांचा साथीचा रोग मोसेल बे बंदरात उतरला आणि १८५५ पर्यंत खोसांच्या खिल्लारांत शिरला. हा रोग खोकल्याच्या तुषारांतून पसरतो. लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. वाईट म्हणजे, बरे झालेले जनावर फुप्फुसातल्या गाठीत जिवंत जंतू बाळगून हिंडते. खोसांनी बाहेरची गुरे अडवली, कळप वेगळे ठेवले; पण धडधाकट दिसणारे जनावरच रोग आत आणत असेल, तर करायचे काय? (भारत या रोगातून अधिकृतपणे मुक्त ठरला तो २००७ मध्ये.) त्यात इंग्रजांशी १८५० ते ५३ चे युद्ध हरून जमीनही गेली होती.

अशा वेळी, १८५६ मध्ये, केई नदीच्या मुखाजवळच्या गखारा नदीकाठच्या छोट्या वस्तीत नोंगकावुसे या किशोरवयीन मुलीने पूर्वजांचा निरोप सांगितला: बाटलेली गुरे मारा, पेवांतले धान्य टाका, पेरणी करू नका, मेलेले उठतील, निरोगी गुरे येतील. गुरे डोळ्यांदेखत मरत असताना हे पटणे अशक्य नव्हते. खोसांचा राजा सरहिली याने मान्यता दिली. काहींनी मात्र ठाम नकार दिला, हेही लिहायला हवे.

नाश दुहेरी झाला. गुरे गेल्याने दूध गेले, आणि पेरणीचा हंगाम हुकल्याने १८५७ चे पीकच नव्हते. सुमारे चार लाख गुरे मारली गेली, चाळीस हजारांच्या आसपास माणसे उपाशी मेली.

इंग्रजांच्या केप वसाहतीचे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांचा तर लेखात उल्लेखच नाही. त्यांनी किंग विल्यम्स टाउनमधील खासगी मदत समितीला काम गुंडाळायला लावले आणि भुकेल्यांना मजुरीच्या करारावर वसाहतीत पाठवले. ब्रिटिश काफ्रारिया या इंग्रजांच्या ताब्यातील खोसा मुलखाची खोसा लोकसंख्या वर्षभरात एक लाख पाच हजारांवरून सदतीस हजारांवर आली. रिकाम्या जमिनीवर गोरे वसाहतवाले बसवले गेले. आपल्याकडे १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी मदतीतल्या उणिवा सार्वजनिक सभेने पुण्यातून नोंदवल्या होत्या. त्या पुण्याच्या वृत्तपत्राने एवढी पुरवणी जोडावी, ही विनंती.

एक पशुवैद्यक, पुणे