बायोडिझेल हवे, पण वापरलेल्या तेलाचे

खाद्य-अखाद्य तेलांपासून बनणाऱ्या बायोडिझेलचे फायदे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. या इंधनात गंधक जवळजवळ नसते, धूरही कमी होतो, हे खरेच. मात्र लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी मिळते, हेही सांगायला हवे होते. खरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. जट्रोफा या तेलबिया देणाऱ्या झुडपाच्या लागवडीचा प्रयोग तर फसलाच. त्यामुळे २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे सरकारी उद्दिष्ट गाठायचे, तर हॉटेले आणि फरसाणवाल्यांच्या कढईतले वापरलेले तेल गोळा करणे हाच शहाणा मार्ग. तेच तेल पुन्हापुन्हा तळून आपल्या पोटात जाणे तरी थांबेल. महापालिकांनी प्रभागनिहाय संकलन केंद्रे तातडीने सुरू करावीत.

– एक वाचक, नाशिक