लांबचे मोठे घर, जवळचे लहान घर

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दोन्ही घरांचे नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी ते दोनदा वाचले. एक घर शहरापासून बरेच लांब, नव्या वसाहतीत, तीन खोल्यांचे आणि मागे थोडी मोकळी जागा असलेले. दुसरे त्याच्या निम्म्या अंतरावरच्या जुन्या उपनगरात, दोनच खोल्यांचे, भिंतींचा रंग उडालेले. किंमत जवळपास सारखीच. लेकराला धावायला जागा मिळेल म्हणून तुम्हा दोघांचे मन पहिल्याकडे ओढ घेते आहे, असे तू लिहिले आहेस आणि शेवटी विचारले आहेस की, बाबा, तुम्ही काय केले असते? मी काय केले तेच तुला सांगतो, कारण त्या वेळी तू तीन वर्षांची होतीस आणि तो हिशेब तुझ्या आईने आणि मी तुझ्यासमोर कधी मांडला नाही.

आम्ही लांबचे घर घेतले. दाखवायला आलेल्या दलालाने कचेरीपर्यंत पाऊण तास लागतो असे सांगितले होते, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही जाऊन पाहिले तेव्हा खरोखरच पाऊण तास लागला. कामाच्या दिवशी मात्र सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी कधी कधी दीड तास लागत असे. तू उठण्यापूर्वी मी निघत असे आणि परत येईपर्यंत तू झोपलेली असायचीस. दाराशेजारच्या भिंतीवर तुझी आई पेन्सिलीने तुझ्या उंचीच्या खुणा करायची, हे तुला आठवत असेल. रात्री बूट काढताना त्या भिंतीवर हात टेकला की एखादी नवी खूण दिसायची, आणि तू वाढते आहेस हे मला त्या खुणेवरून कळायचे. घर मोठे होते, हवेशीर होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की त्या घराची खरी किंमत मोजायची राहून गेली, आणि ती मोजणे अवघड मुळीच नव्हते.

तू लिहिलेल्या वेळाच धरून मोजू. लांबच्या घरापासून तुझ्या कचेरीला एक तास पंधरा मिनिटे आणि जवळच्या घरापासून पस्तीस मिनिटे लागतात, म्हणजे एका फेरीत चाळीस मिनिटांचा आणि दिवसाला ऐंशी मिनिटांचा फरक पडतो. वर्षातले 240 दिवस कामाचे धरले तर हा फरक 320 तासांचा होतो. आठ तासांचा एक दिवस या मापाने ते पूर्ण चाळीस कामाचे दिवस झाले, आणि तुम्ही दोघेही त्याच दिशेला जाता, तेव्हा घरातून वर्षाला ऐंशी दिवस जातात. कर्जाची मुदत वीस वर्षांची आहे. पुढचा गुणाकार तूच कर. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येते, असे तू म्हणशील. ते खरे आहे, पण ती सवलत आजच्या नोकरीची आहे आणि घर त्या नोकरीपेक्षा जास्त काळ टिकणार आहे.

त्याच किमतीत लांबचे घर मोठे का मिळते याचा उलगडा फार जुना आहे. योहान हाइनरिश फॉन थ्यूनन या जर्मन शेतकरी-अर्थशास्त्रज्ञाने 1826 मध्ये दाखवून दिले की बाजारपेठेपासून जमीन जितकी दूर तितका तिचा खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, कमी, कारण माल वाहून नेण्याचा खर्च त्या खंडातूनच वजा होतो. विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये हाच विचार शहराला लावला आणि मालाच्या जागी रोज ये-जा करणारी माणसे आली. म्हणजे लांबच्या जागेच्या कमी भावात आपल्याला सूट मिळालेली नसते. घराच्या किमतीतून जे कमी झाले ते आपण प्रवासभाड्याच्या, इंधनाच्या आणि वेळेच्या रूपाने हप्त्याहप्त्याने भरत राहतो. सगळे व्यवहार चोख असतील तर हे दोन्ही सारखेच पडावेत आणि लांब राहणाऱ्याला आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे. प्रत्यक्षात तसे होत नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर या स्वित्झर्लंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून 2008 मध्ये मांडले की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा असतो ती माणसे आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि जास्त पगार किंवा चांगले घर ही उणीव भरून काढताना दिसत नाही. हे वाचताना मला आमच्या घरातली ती भिंत आठवली. मोठ्या खोलीची महिन्या-दोन महिन्यांत सवय होते आणि ती खोली दिसेनाशी होते; प्रवासाची सवय मात्र होत नाही, कारण तो रोज नव्या कारणाने अडतो.

आता पैशाकडे वळतो. बँक किती कर्ज द्यायला तयार आहे हे तू मोठ्या आनंदाने लिहिले आहेस, पण तो आकडा बँकेच्या सोयीचा असतो. घराचा हप्ता आणि प्रवासखर्च हे दोन्ही एकाच ओळीत लिहून त्यांची बेरीज उत्पन्नाशी ताडून पाहायची, ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. शिकागोतील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने अशीच मोजणी केली आणि दोन्ही खर्च मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असतील तरच ती जागा परवडणारी मानली. लांबच्या घरासाठी तुम्हाला दुसरी गाडी घ्यावी लागेल. तिचे कर्ज, विमा, दुरुस्ती आणि इंधन तू घराच्या हिशेबात धरलेले नाहीस, तेवढे आधी धर. दोन्ही घरांची किंमत सारखी असली तरी दोन्ही घरांचा खर्च सारखा नाही, हे मग तुझे तुलाच दिसेल.

हप्ता हलका व्हावा म्हणून तीस वर्षांची मुदत घ्यावी, असे जावईबापूंचे मत असल्याचे तू लिहिले आहेस. त्यांना हा हिशेब जरूर दाखव. कर्ज 100 धरले आणि व्याज वर्षाला 8 टक्के धरले, तर वीस वर्षांत एकूण सुमारे 201 फेडावे लागतात आणि तीस वर्षांत सुमारे 264. म्हणजे महिन्याचा हप्ता जेमतेम बारा टक्क्यांनी कमी होतो, पण व्याज 101 वरून 164 वर जाते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा सुमारे 80 टक्के भाग नुसत्या व्याजात जातो, आणि पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यावरही 100 पैकी सुमारे साडेसत्त्याऐंशी मुद्दल शिल्लक राहते. म्हणूनच 'आत्ता हे घेऊ, पाच वर्षांनी विकून जवळ येऊ' हा तुमचा बेत मला धोक्याचा वाटतो. तोवर भाव चढले नाहीत, तर विक्रीचा आणि नव्या खरेदीचा खर्च भागवून हातात फारसे काही उरणार नाही. व्याजदर बदलता असेल तर 8 चे 9 टक्के होताच वीस वर्षांचा हप्ता साडेसात टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. तेवढी वाढ सोसता येईल इतकी मोकळीक आजच्या हप्त्यात असली पाहिजे. घर घेतल्यानंतरही सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी शिल्लक ठेव, एवढे माझे मागणे आहे.

नव्या वसाहतीच्या माहितीपत्रकात तिथे रेल्वे येणार आहे, शाळा होणार आहे, रुग्णालय प्रस्तावित आहे, असे लिहिले आहे. त्यातला प्रत्येक 'होणार' पुसून ते पत्रक पुन्हा वाच आणि आज तिथे जे चालू आहे त्याचेच पैसे मोज. आम्हालाही एका रस्त्याचे आश्वासन मिळाले होते. तो रस्ता झाला तेव्हा तू महाविद्यालयात होतीस.

जवळच्या घराचेही मी डोळे मिटून कौतुक करणार नाही. जुन्या उपनगरात एखादी जागा आसपासच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर त्यामागचे कारण सापडेपर्यंत शोधायचे. ते कारण पाण्याचे असू शकते, कागदपत्रांचे असू शकते, सखल जमिनीचे असू शकते. पूररेषेचा नकाशा मागून घे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नकोस, कारण त्यांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे आणि तीस वर्षांच्या वास्तव्यात ती साठत साठत 26 टक्क्यांवर जाते. मालकी हक्काची कागदपत्रे विक्रेत्याच्या वकिलाकडून नव्हे, तर तू स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तपासून घे. हमरस्ता किती लांब आहे तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी 45 डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस केली आहे, आणि लहान मुलाच्या झोपेसाठी मी ही गोष्ट अंगणापेक्षा मोठी मानतो. उडालेला रंग, गळणारा नळ, जुन्या फरश्या यांची चिंता करू नकोस. ते सगळे पैसे साठतील तसे बदलता येते.

लेकराच्या धावण्याचा प्रश्न राहिला, आणि तो तू मनापासून विचारला आहेस म्हणून मी त्यावर बराच विचार केला. मागचे अंगण पहिली चार-पाच वर्षे फार उपयोगाचे असते. त्यानंतर मुलाला सवंगडी लागतात, आणि सवंगड्यांकडे, शाळेत, मैदानावर त्याला आपल्या पायांनी जाता येते की प्रत्येक वेळी कुणीतरी गाडीतून सोडावे लागते, यावर त्याचे बालपण ठरते. तेव्हा जुन्या उपनगरात दारापासून शाळेपर्यंत त्याचे बोट धरून एकदा चालून बघ. पदपथ आहे का, रस्ता ओलांडायला सोय आहे का, वाटेत दुकाने उघडी असतात का, संध्याकाळी मैदानावर मुले दिसतात का, हे एका फेरीत कळेल. जर तो रस्ता मुलाला घेऊन चालण्यासारखा नसेल तर माझे मतही बदलेल, कारण मग जवळच्या घराचा अर्धा फायदा गेला.

आज तरी माझे मत जुन्या उपनगरातल्या दोन खोल्यांच्या बाजूने आहे. आईचेही तेच आहे, पण तिने एक अट घातली आहे: भिंत काढून किंवा वरच्या बाजूला पुढे एखादी खोली वाढवता येईल का, आणि तशी परवानगी मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. ही अट मला सुचली नव्हती आणि ती अगदी रास्त आहे.

निर्णय तुम्ही दोघांनीच घ्यायचा आहे. त्याआधी एक काम करा. येत्या आठवड्यात कामाच्या कोणत्याही दोन दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला लांबच्या घराच्या दारापासून निघून कचेरी गाठा, आणि संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर त्या दारापर्यंत परत जा. दोन्ही वेळा घड्याळ पाहून कागदावर लिहून ठेवा. मग तेच जवळच्या घराचे करा. आकडे आले की मला कळव आणि कर्जाच्या कराराचा मसुदा सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाठव. मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड लागतो का, ते कलम मला स्वतः वाचायचे आहे.

तुझे बाबा