चि. सोनूस पत्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटेपर्यंत तू आत्याशी बोलली नाहीस. तिने आवाज खाली आणून ‘कोड फुटलंय हिला’ म्हटलं आणि तू ताटावरून उठलीस. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच सांग, ऐन मे महिन्यात पूर्ण बाहीचे कुडते का?

डॉक्टरांनी सांगितलेलं तुला पाठ आहे. रंग देणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते; शिवल्याने काही होत नाही. पण लोकांनी त्याला ‘पांढरं कुष्ठ’ म्हटलं आणि महारोगाची सगळी भीती या डागांना चिकटली. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. आणि असता तरी काय? महारोगाचा जंतू १८७३ साली सापडला, पुढे गोळ्यांनी रोग बराही होऊ लागला, तरी घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायद्यात २०१९ पर्यंत राहिला. बाबा आमट्यांनी १९४९ साली संस्था काढली ती ‘महारोगी’ हा शब्द नावात उघड ठेवून, आणि वरोऱ्याच्या वसाहतीला म्हटलं आनंदवन. लपवालपवी नाही. तूही...

पुरे, व्याख्यान झालं. रागावू नकोस.

आजी माशांच्या जेवणावर दूध पिऊ द्यायची नाही, ‘कोड फुटेल’ म्हणायची. पाचवीत तू हट्टाने सुरमईवर पेलाभर दूध प्यायलीस आणि रात्रभर दिव्याखाली हात उलटेपालटे करून बघत बसलीस. आत्या तर त्याच धाकात वाढली. आणि तीच आजी शेजारणींना सांगायची, नातीचं कोडकौतुक करायला मी आहे अजून!

वर्गातल्या पोरांनी हाताबद्दल विचारलं तेव्हा तू फळ्यावर पेशीचं चित्र काढून समजावलंस म्हणे. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. ऊर भरून आला. मग बाह्या कुणासाठी? उन्हासाठी असतील तर बरोबरच आहे, त्या जागा लवकर भाजतात. माणसांसाठी असतील तर मला झोप लागायची नाही.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

प्रकाशोपचाराची पुढची तारीख कळव. मी येतो, बाहेर बाकावर बसेन. आत्याने तुझ्यासाठी आमसुलं दिली आहेत, ती आणतो. तिला फोन कर. भांडायला का होईना, कर.

तुझे,
बाबा