आवाज ठेवलात, काका

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे मराठीतच लिहितोय. इंग्रजीत लिहायला बसलो की माझं पत्र रजेच्या अर्जासारखं होतं. भाची वाचून दाखवेल. तुमच्या वरच्याच मजल्यावर राहते, तेव्हा सबब सांगायला तिला जागा नाही.

कॅसेट परवा गुहागरला पोचली. तीनदा ऐकली. चौथ्यांदा लावायची हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. आमचे अण्णा बोटीवर होते. १९७५ साली बोट लंडनला लागली, तेव्हा सोहोतल्या एका स्टॉलवरून त्यांनी एक जुनी छोटी रेकॉर्ड घेतली. इंग्रजी गाण्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. स्टॉलवाल्याने लावली, यांना आवडली, एवढंच. पुढे टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्यांनी तो स्पीकरसमोर ठेवून गाणं कॅसेटवर घेतलं. रेकॉर्ड नंतर घर बदलताना फुटली. गाण्याचं नाव त्यांच्याबरोबर गेलं आणि आमच्याकडे राहिली ती कॅसेट. त्यात गाण्यावर अण्णांचं गुणगुणणं आहे, आणि मध्येच स्वयंपाकघरातून आईची हाक, "अहो, दूध बघा!" आईचा रेकॉर्ड झालेला आवाज आमच्या घरात एवढाच.

मुंबईत एका नावाजलेल्या दुकानात ही कॅसेट दिली होती. महिनाभराने पेनड्राइव्ह मिळाला. गाणं कुठलं, कोणाचं, याचा पत्ता नाही, पण "मागचा सगळा कचरा काढून टाकलाय, साहेब" असं काउंटरवरच्या पोराने वर हसून सांगितलं. कचरा म्हणजे माझे आईवडील. अठराशे रुपये मोजून मी ते काढून घेतले होते. नशीब, मूळ कॅसेट परत मिळाली. फोनवाल्या ॲपनेही कान लावून पाहिले. टेप सावकाश फिरलेली, त्यामुळे त्याने हात वर केले. ओळखीच्या दोन संग्राहकांनी "बघतो" म्हटलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

भाचीने तुम्हाला फक्त एवढंच विचारलं होतं, की घरी कॅसेट प्लेअर आहे का. टेप लागली आणि दहा सेकंदांत तुम्ही म्हणालात, जेसी बेल्विन, 'गुडनाइट माय लव्ह', १९५६. ॲलन फ्रीड हा अमेरिकेतला निवेदक रेडिओवरचा आपला कार्यक्रम याच गाण्याने संपवायचा, आणि बेल्विन हा गोड गळ्याचा माणूस १९६० साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला, हेही तुम्हीच सांगितलंत. अण्णांना हे कळलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

आणि तो स्टॉलही तुम्ही ओळखलात! न्यूपोर्ट कोर्टातला, टेड कॅरोल यांचा 'रॉक ऑन'. १९७१ मध्ये गोलबोर्न रोडवर त्यांनी जुन्या रेकॉर्ड विकायला सुरुवात केली, मग सोहोत दुसरा स्टॉल, मग कॅम्डनला दुकान. गिऱ्हाइकं मागत होती ती गाणी बाजारात मिळेनाशी झाली होती. १९७५ मध्ये रॉजर आर्मस्ट्राँग यांच्यासोबत त्यांनी 'चिझिक' नावाने स्वतःच्या रेकॉर्ड काढल्या आणि १९७८ मध्ये 'एस' ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. जुनी गाणी नव्याने काढणारी, बरीच वर्षं कोणा बड्या कंपनीच्या ओसरीवर न बसलेली. तुम्ही तिथे नोकरीला नव्हतात, नुसते गिऱ्हाईक, पण भाची म्हणते, सांगताना तुमचा आवाज घरचं कार्य सांगावं तसा होतो.

मला त्यातली बिहारी बंधूंची गोष्ट फार लागली. (आडनाव ऐकून मी फसलो. आपल्या बिहारशी यांचा काही संबंध नाही, हे अमेरिकेतले.) लॉस एंजेलिसच्या त्यांच्या 'मॉडर्न' कंपनीनेच बेल्विनचं हे गाणं काढलेलं. तरुण ब्लूज गायक बी. बी. किंगच्या गाण्यांवर हे भाऊ 'टॉब', 'जोसिया' अशा टोपणनावांनी सहगीतकार म्हणून स्वतःला चिकटवून घ्यायचे. गाणं एकाचं, पैशात वाटा तिसऱ्याचा. त्याच कंपनीच्या टेपा 'एस'ने हक्क घेऊन पुन्हा बाहेर काढल्या. रे टॉपिंग नावाचा माणूस तिथे जाऊन जुन्या टेपा धुंडाळत बसला. पुढे 'एस'ने सबंध संग्रहच अमेरिकन आणि जपानी भागीदारांसोबत विकत घेतला. जुन्या गायकांना रॉयल्टी वेळेवर पोचवणारी म्हणून 'एस'चं नाव घेतात, असं तुम्ही म्हणालात. आमच्याकडे किती नाटकांची, भावगीतांची मूळ टेप गोदामात कुजली असेल, आणि ज्यांनी ती गायली त्यांच्या घरी काय पोचलं असेल, ते कोणी विचारू नये.

पण आभार याचे नाहीत. गाण्याचं नाव उद्या आणखी कोणीतरी सांगितलं असतं. तुम्ही भाचीला विचारलंत, "मधे ती बाई काय म्हणते?" तिने सांगितलं. मग तुम्ही बेल्विनचं स्वच्छ गाणं वेगळ्या सीडीवर दिलंत आणि आमची टेप फक्त योग्य वेगात फिरवून, जशी होती तशी उतरवलीत. कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलंत: "इथे बाईंचा आवाज आहे. पुसू नये. गाणं दुकानात मिळतं." खाली 'दूध' हा शब्द तुमच्या परीने रोमन अक्षरांत, एक ओ जास्त घालून.

तो कागद मी देवघरात ठेवलाय. बायको म्हणाली, देवाजवळ पेन्सिलीची चिठ्ठी कशाला? मग तिनेही तो वाचला आणि गप्प बसली.

भाचीबरोबर कोकमं पाठवली आहेत. आंबट आहेत, नुसती खाऊ नका, ती सरबत करून देईल.

आणि तुम्ही विचारलं होतंत, त्या दुधाचं पुढे काय झालं. टेपवर अण्णांचं गुणगुणणं मधे जरा थांबतं ना, तेव्हा ते उठले नव्हते, नुसते "हो" म्हणाले होते. दूध उतू गेलं. आई ते वर्षभर ऐकवत होती.

तुमचा,
भाचीचा मामा