पसंतीचा क्रमांक म्हणजे फक्त मिरवणं नव्हे

महोदय,

गाडीला पसंतीचा क्रमांक घेणाऱ्या प्रत्येकाला श्रीमंतीचं प्रदर्शन करणारा ठरवणं अन्यायाचं आहे. मोठ्या लिलावांमुळे तसा समज होतो खरा. दुबईत २०२३ मध्ये ‘पी ७’ हा क्रमांक साडेपाच कोटी दिर्हमला गेला (ती रक्कम अन्नदानाच्या उपक्रमासाठी होती, हेही सांगायला हवं). पण बहुतेकांची हौस साधी असते. कुणाला मुलीची जन्मतारीख हवी असते, कुणाला वडिलांच्या जुन्या स्कूटरचे चार आकडे.

ब्रिटनमध्ये आणखी एक व्यवहारी कारण आहे. तिथे नेहमीच्या क्रमांकावरून नोंदणीचं वर्ष कळतं. गाडीचं वय झाकायला काहीजण वर्षाची खूण नसलेला क्रमांक लावतात. गाडी आहे त्याहून नवी भासवणारा क्रमांक मात्र लावता येत नाही, आणि हा नियम अगदी योग्य आहे.

चीड येते ती आकडे वाकवून, अक्षरं दाटीवाटीने बसवून नाव किंवा शब्द साधणाऱ्यांची. धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा क्रमांक रस्त्यावरच्या माणसाला क्षणात वाचता आला पाहिजे. अशा पाट्यांवर जागीच कारवाई व्हावी.

– एक वाचक