दणदणाट कर्कश कसा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर 'डीजेच्या कर्णकर्कश दणदणाटाने तावदाने हादरली' ही बातमी वाचली. राग रास्त आहे. पण कर्कश आणि दणदणाट एकाच दावणीला? तावदाने हादरवतो तो ४०-१०० हर्ट्झचा (सेकंदाला इतकी कंपने) खर्जातला ठोका. कान किटतात ते २ ते ५ हजार हर्ट्झच्या आवाजाने, कारण आपला कान तिथेच सर्वांत तिखट.

मुळात कर्कश हा शब्द हाताचा, कानाचा नव्हेच. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या मांड्यांना हत्तीच्या सोंडेची उपमा नाकारली ती 'त्वचि कर्कशत्वात्', म्हणजे कातडी खरबरीत म्हणून. सोंड किंचाळत होती म्हणून नव्हे! 'तर्ककर्कश' पंडितही आवाज चढवणारा नसे, तर्कात कठोर असे. पुढे शब्द आवाजाला लागला, तरी खरबरीतपणा त्याला चिकटूनच राहिला. म्हणून बासरी तार सप्तकात गेली तरी तिला कोणी कर्कश म्हणत नाही. खडू फळ्यावर सरळ न सरकता अडकत-सुटत जातो आणि जो आवाज निघतो, तो कर्कश. बिजागरीला तेल नसले की तोच प्रकार. डीजेच्या ठोक्याला दणदणाट, धडधडाट, हादरे असे चांगले दणकट शब्द असताना ही उसनवारी कशाला?

बातमीत '९२ डेसिबल' असेही छापले आहे. मीटर 'ए' या मापनपद्धतीवर होता (ती कानासारखीच खर्ज कमी धरते) की 'सी'वर? स्पीकरपासून किती अंतरावर? 'ए'वर ५० हर्ट्झचा ठोका तब्बल ३० डेसिबलने कमी मोजला जातो, 'सी'वर जेमतेम एकाने. निवासी भागाची मर्यादा (दिवसा ५५, रात्री १० नंतर ४५) 'ए'मध्येच असते. त्यामुळे खिडकी थरथरते आणि आकडा मात्र सोज्वळ दिसतो. एवढे विचारायला वार्ताहराला ध्वनिशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

आणि त्याच पानावर खाली: पालिका सभेत नगरसेविका 'कर्कश आवाजात' बोलल्या, तर त्यांना उत्तर देणाऱ्या नगरसेवकांचे भाषण 'घणाघाती' झाले. इथे मीटर कोणाकडे होता, तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे